डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

कोल्हापूर ही जशी मल्लांची नगरी, तशीच ती दुधाचीही नगरी आहे. दूधकट्ट्यावर म्हशी आणावयाच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढावयाची आणि ते धारोष्ण दूध तेथेच उभ्याने प्यावयाचे, ही या शहराची जुनी रीत. पंचगंगेच्या काठी गावोगाव गोठे आहेत, आणि पुष्कळ घरांचा संसार दारच्या दोन म्हशींच्या आधारावर चालतो. अशा घरातील एखादी म्हैस पावसाळ्याच्या तोंडाशी एकाएकी वैरण सोडते, रवंथ थांबविते. तिच्या अंगात ताप भरतो, गळ्याला सूज येते आणि श्वास घरघरू लागतो. घटसर्प तो हाच. पूर्वी असे जनावर दिवसा-दोन दिवसांत दगावत असे व घरात सुतकाची कळा येत असे. आता पशुवैद्य येऊन पिवळसर औषधाची सुई टोचतात, आणि सुई वेळेवर टोचली गेली तर म्हैस पुष्कळदा वाचते.

ते पिवळे औषध ज्या कुळातले आहे, त्या कुळातील पहिले औषध १९४८ साली जगापुढे आले. ज्या प्रयोगशाळेत ते सापडले, तिच्या संशोधनाची सूत्रे एका भारतीय माणसाच्या हाती होती. परंतु या औषधाला दुसरीही एक बाजू आहे. ते बेताबाहेर दिले, किंवा जनावर पाण्यावाचून सुकलेले असताना दिले, तर त्याच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचते. ज्याने ताप उतरावा त्यानेच शरीराची गाळणी बिघडावी, असा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी शास्त्रज्ञांना जे ज्ञान लागले, त्यातील बराच भाग त्याच भारतीय माणसाच्या हातून मिळालेला आहे. त्यांचे नाव डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या सुपीक त्रिभुज प्रदेशात भीमवरम नावाचे गाव आहे. तेथे १२ जानेवारी १८९५ रोजी सुब्बारावांचा जन्म झाला. वडील जगन्नाथम हे महसूल खात्यात लहानशा नोकरीवर होते. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांना ती नोकरी लवकरच सोडावी लागली. घरात माणसे पुष्कळ आणि मिळकत बेताची. मुलाने शिकून मोठे व्हावे, हा ध्यास आई वेंकम्मांचा होता. मुलाला मात्र अभ्यासापेक्षा पैसा मिळविण्याचा मार्ग जवळचा वाटे. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला. काशीला यात्रेकरूंची सदैव गर्दी असते. त्यांना केळी विकली तर खोऱ्याने पैसा मिळेल, असा त्याचा हिशेब होता. हा व्यापार सुरू होण्यापूर्वीच आईने त्याला गाठले व परत शाळेत आणून बसविले. पुढे वडील वारले. तरीही आईने हट्ट सोडला नाही. अंगावरचे दागिने विकून तिने मुलाच्या शिक्षणाची तरतूद केली.

ज्यांच्या संशोधनाचा पुढे जगभर उपयोग व्हावयाचा होता, ते सुब्बाराव मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून ते उत्तीर्ण झाले. कॉलेजात गणितात त्यांना गोडी वाटू लागली होती, तोच मनाने निराळे वळण घेतले. रामकृष्ण मिशनमध्ये जाऊन संन्यास घ्यावा, असे त्यांना वाटू लागले. आईची त्याला संमती मिळेना. मिशनमधील मंडळींनीही त्यांना असाच सल्ला दिला, की सेवाच करावयाची असेल तर आधी वैद्यक शिकावे. आजारी माणसाला उपदेशाहून औषधाची निकड अधिक असते. सुब्बाराव मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले.

तो काळ स्वदेशीच्या चळवळीचा होता. गांधीजींनी विलायती कापडावर बहिष्कार पुकारला, तेव्हा सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या दालनात खादीचा झगा घालून जाऊ लागले. शल्यशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेतील यश चांगले असूनही सुब्बारावांना वैद्यकाची मोठी पदवी मिळाली नाही. तिच्याहून हलकी पदवी त्यांच्या पदरात पडली. तिच्या बळावर सरकारी नोकरी मिळण्याजोगी नव्हती. अखेर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनेचे अध्यापक म्हणून काम पतकरले.

याच तरुण वयात त्यांच्या घरावर मोठा घाला पडला. संग्रहणी नावाच्या रोगाने त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने मरण पावले. या रोगात आतड्यांना अन्नातील सत्त्व शोषून घेता येत नाही. माणूस खातो, पण अंगी काही लागत नाही. रक्त पातळ होते, जीभ सोलवटते, शरीर दिवसेंदिवस झिजत जाते. पुढे सुब्बारावांनाही हा रोग जडला. डॉ. लक्ष्मीपती नावाच्या आयुर्वेदज्ञांच्या उपचाराने ते त्यातून उठले. डॉक्टर होऊनही भावांच्या रोगापुढे आपले ज्ञान उपयोगी पडले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात खोलवर रुतून बसली. रोग बरा करावयाचा तर आधी शरीर कसे चालते ते समजले पाहिजे, आणि ते समजावयाचे तर परदेशी जाऊन शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

काकिनाडा येथील एका धर्मादाय संस्थेने आणि सासऱ्यांनी पैशाची सोय केली. तरुण पत्नीला काही वर्षांत परत येण्याचे वचन देऊन सुब्बाराव निघाले आणि १९२३ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी पोहोचले. ते गेल्यानंतर त्यांना मुलगा झाला व तो तान्हेपणीच वारला. पित्याने त्याचे मुख कधी पाहिले नाही. पत्नीची आणि त्यांची पुढे कधीच भेट झाली नाही. या गोष्टीने वाचणाऱ्याचे मन खंतावते, आणि ते स्वाभाविकच आहे. शास्त्रासाठी सुब्बारावांनी जी किंमत दिली, तिच्यातील मोठा वाटा घरी राहिलेल्या माणसांनी भरला होता.

हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण पोटापाण्याचे काय? सुब्बाराव एका रुग्णालयात रात्रीचे हमाल झाले. रुग्णांची मलमूत्राची भांडी उचलावयाची, ती धुवून ठेवावयाची, आणि दिवस उजाडला की विद्यापीठात जावयाचे, असा त्यांचा क्रम होता. डॉक्टरची पदवी असलेल्या माणसाने हे काम करावे याची त्यांना लाज वाटली नाही.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्क नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी जीवरसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला. फिस्क यांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. रक्तात आणि मूत्रात फॉस्फरस किती आहे, हे थोडक्या नमुन्यातून अचूक कसे मोजावे? फॉस्फरस म्हणजे शेतकऱ्यांच्या खतातील स्फुरद. पिकाला तो लागतो, तसा प्राण्यांनाही लागतो. हाडे त्याच्यामुळे बळकट होतात. मूत्रपिंडे नीट चालत असली, की जास्तीचा स्फुरद मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. माणसाची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, की तो रक्तात साचत जातो. म्हणजे रक्तातील स्फुरद मोजणे हे एका परीने मूत्रपिंडाची नाडी पाहणे होय. परंतु जुन्या पद्धतीत वेळ फार जाई आणि भरवसा थोडा असे.

सुब्बारावांनी हा प्रश्न रंगाच्या साहाय्याने सोडविला. नमुन्यात ठराविक रसायने घातली, की त्यातील स्फुरदाशी त्यांचा संयोग होऊन द्रव निळा होतो. स्फुरद कमी असेल तर फिकट निळा, जास्त असेल तर गडद निळा. माहीत असलेल्या प्रमाणाच्या निळ्या रंगाशी तो ताडून पाहिला, की आकडा हाती येतो. ऐकावयास हे किती सोपे वाटते! परंतु कोणते रसायन, किती, कोणत्या क्रमाने, किती वेळ, हे ठरविण्यात केवढी चिकाटी खर्ची पडली असेल, याची कल्पना प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाच येईल. १९२५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. फिस्क-सुब्बाराव पद्धत या नावाने ती जगभरच्या रुग्णालयांत व महाविद्यालयांत रूढ झाली आणि अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी ती गिरविली.

हाती नवे माप आले, म्हणजे जुन्याच वस्तूत नव्या गोष्टी दिसू लागतात. स्नायूंतील स्फुरद मोजताना या दोघांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. स्नायूत स्फुरदाचे एक असे संयुग होते, की ते जरा धक्का लागताच मोडत असे. स्नायू काम करू लागला की ते कमी होई, विश्रांती मिळाली की पुन्हा भरून येई. १९२७ साली त्यांनी ते जाहीर केले. त्याचे नाव फॉस्फोक्रिअॅटिन. खासबागेच्या मैदानात सलामी झडताच मल्ल विजेसारखा प्रतिस्पर्ध्यावर झेपावतो. त्या पहिल्या काही क्षणांत त्याच्या स्नायूंना जी शक्ती पुरते, तिचा साठा या द्रव्यात असतो. दोन वर्षांनी, १९२९ साली, फिस्क व सुब्बारावांनी स्नायूतून दुसरे एक द्रव्य वेगळे काढले. त्याला थोडक्यात एटीपी म्हणतात. जर्मनीतील कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी ते स्वतंत्रपणे शोधले. मुंगीपासून हत्तीपर्यंत आणि शेवाळापासून वडापर्यंत प्रत्येक जिवंत पेशीचा व्यवहार या एटीपीच्या चलनावर चालतो. हृदयाचे ठोके, डोळ्याची पापणी, मूत्रपिंडाचे अहोरात्र गाळणे, सर्वांचा खर्च त्यातूनच भागतो.

१९३० साली सुब्बारावांना डॉक्टरेट मिळाली. एवढे कार्य करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. त्यांनी त्याबद्दल कधी गाऱ्हाणे मांडल्याचे ऐकिवात नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कच्या उत्तरेस पर्ल रिव्हर या गावी लेडरले नावाच्या औषधनिर्मिती करणाऱ्या संस्थेत गेले आणि थोड्याच काळात तेथील संशोधनविभागाचे प्रमुख झाले. आता त्यांच्या हाताखाली रसायनज्ञ, वैद्य, जंतुशास्त्रज्ञ असा मोठा ताफा होता. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी आठ वर्षे येथेच गेली.

पहिले मोठे काम जीवनसत्त्वाचे. ही हकीकत आपल्या मुंबईपासून सुरू होते. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आल्या. येथील गरीब गर्भवती स्त्रियांना, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, एक प्रकारचा पांडुरोग होत असे. रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या, चेहरा पांढराफटक, आणि बाळंतपणात मृत्यूची भीती. नेहमीच्या औषधांचा येथे उपाय चालेना. विल्सबाईंच्या ध्यानात आले, की या स्त्रियांच्या अन्नातच काहीतरी उणे असावे. त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला, आणि रोगी स्त्रियांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात गुणकारी असे काहीतरी होते. पण ते काय, हे कोणालाच सांगता येईना. पुढे पालकाच्या पानांतही असाच पदार्थ सापडला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले.

सुब्बारावांच्या पथकाने हे द्रव्य यकृतातून शुद्ध रूपात काढले, त्याची घडण उलगडली आणि १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. मणावारी यकृतातून चिमूटभर मिळणारी वस्तू आता हवी तेवढी मिळू लागली. गर्भवतींच्या पांडुरोगावर ती लागू पडली. आणि संग्रहणीवरही लागू पडली. ज्या रोगाने दोन भाऊ डोळ्यांदेखत गेले होते, त्यावरचे औषध सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले. आज आपल्या देशात गर्भवती स्त्रियांना आणि शाळेतील मुलामुलींना लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात हेच फॉलिक आम्ल असते.

जीवनसत्त्वाची गंमत अशी, की त्याच्या घडणीत थोडासा फरक केला तर ते कुलपात अडकून बसणाऱ्या खोट्या किल्लीसारखे होते. पेशी त्याला खरे जीवनसत्त्व समजून घेते आणि तिची वाढ थांबते. रक्ताच्या कर्करोगात पेशी बेसुमार वाढतात. त्यांना अशी खोटी किल्ली दिली तर? बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ सिडनी फार्बर यांना सुब्बारावांच्या पथकाने असे द्रव्य पुरविले. १९४८ साली फार्बर यांनी जाहीर केले, की या औषधाने काही मुलांचा रोग काही काळ हटला. तो पुन्हा उलटला हे खरे. परंतु तोवर या रोगापुढे वैद्य हात जोडून उभे असत. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरले जाते. ते मोठ्या मात्रेत दिले तर निरोगी पेशींना आणि मूत्रपिंडालाही बाधते, म्हणून त्या वेळी डॉक्टर भरपूर पाणी देतात आणि मागाहून फॉलिक आम्लाचेच एक रूप देऊन निरोगी पेशींना सावरतात. औषधाच्या मागे जीवनसत्त्वाला राखण म्हणून धाडावयाची ही रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हत्तीरोगावरचे हेट्राझान हे औषध १९४७ साली याच पथकाने दिले. डासांवाटे पसरणाऱ्या या रोगात पाय खांबासारखे सुजतात. भारतात या औषधाचा उपयोग अजूनही होतो. कुत्र्यांच्या हृदयात होणाऱ्या कृमींपासून त्यांचे रक्षण करण्यासाठीही ते वापरले गेले.

आता त्या पिवळ्या औषधाकडे वळावयाचे. पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविके तोवर हाती आली होती. प्रतिजैविक म्हणजे एका सूक्ष्म जिवाने निर्माण केलेले आणि दुसऱ्या सूक्ष्म जिवाला मारणारे द्रव्य. पेनिसिलिन काही जंतूंना मारी, स्ट्रेप्टोमायसिन आणखी काहींना. दोहोंच्या तावडीतून सुटणारे जंतूही थोडे नव्हते. अशा वेळी सुब्बारावांच्या विभागात बेंजामिन डुग्गर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांनी सत्तरी ओलांडलेली, विद्यापीठातून निवृत्त झालेले. पण उत्साह विशीतला. त्यांनी ठिकठिकाणची माती मागविली आणि तिच्यातील बुरशीसारखे जीव वाढवून तपासण्याचा सपाटा लावला. मिसूरी विद्यापीठाच्या एका शेतातून आलेल्या मातीत त्यांना सोनेरी पिवळा रंग निर्माण करणारा एक जीव सापडला. त्याच्यापासून निघालेले द्रव्य अनेक जातींच्या जंतूंवर चाले. सोने या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव ऑरिओमायसिन ठेविले. १९४८ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांच्या सभेत ते जाहीर झाले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले औषध. गोठ्यात टोचतात ते ऑक्सिटेट्रासायक्लिन याचेच धाकटे भावंड आहे. त्या सभेत सुब्बारावांनी मोठेपणा मिरविला नाही. शोधाचे श्रेय त्यांनी डुग्गर यांच्याकडेच राहू दिले. त्यांची ही नेहमीचीच वृत्ती होती, आणि त्यांचे नाव त्यांच्या कार्याच्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे, याचे एक कारणही तेच असावे.

यानंतर महिनाभरही गेला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच हृदय बंद पडून सुब्बारावांचा अंत झाला. पंचवीस वर्षे अमेरिकेत राहूनही त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले नव्हते. पुढे १९५३ साली बुरशीच्या एका नव्या प्रजातीला त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले, आणि जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

त्यांच्या मागे राहिलेल्या सहकाऱ्यांच्या हातून थोड्याच काळात एक अनपेक्षित गोष्ट घडली. कोंबड्यांच्या वाढीला ब-१२ हे जीवनसत्त्व लागते. ऑरिओमायसिन काढून घेतल्यावर जो चोथा उरे त्यात हे जीवनसत्त्व असेल, या कल्पनेने थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड यांनी तो कोंबड्यांच्या पिलांना खाऊ घातला. पिले अपेक्षेपेक्षाही भरभर वाढली. शोध घेता कळले, की वाढीचे कारण केवळ जीवनसत्त्व नव्हते. चोथ्यात राहिलेला प्रतिजैविकाचा अंशही होता. १९५० सालापासून कोंबड्या, डुकरे, वासरे यांच्या खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची प्रथा सुरू झाली. रोग नसतानाही औषध खाऊ घालण्याची ही प्रथा पुढे फार महागात पडली. जंतू औषधाला सरावले. म्हणून युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर २००६ सालापासून पूर्ण बंदी घातली. मूत्रपिंडाला बाधणारे, पण माणसाच्या अखेरच्या प्रसंगी कामी येणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक पशुपक्ष्यांच्या खाद्यात वापरण्यास भारत सरकारनेही २०१९ साली मनाई केली.

मूत्रपिंडालाच ही बाधा का व्हावी? माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पाणी व उपयुक्त द्रव्ये गाळण्यांना जोडलेल्या नलिका परत घेतात आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. गाईचे मूत्रपिंड माणसासारखे गुळगुळीत नसते. ते द्राक्षांच्या घडाप्रमाणे अनेक गोल खंडांचे दिसते. परंतु काम तेच. आता रक्तात औषध असेल तर तेही या वाटेने जाते. नलिकांच्या पेशी पाणी परत घेताना औषधही थोडे थोडे आत घेतात. निओमायसिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके त्या पेशींत साचून राहतात. पाणी कमी पडले तर औषध अधिकच दाट होते. १९६३ साली तर असेही दिसून आले, की मुदत उलटून बिघडलेले टेट्रासायक्लिन घेतल्याने काही रुग्णांच्या नलिकांचे कार्य बिघडले होते.

साचलेल्या औषधामुळे पेशीत प्राणवायूपासून काही अत्यंत चंचल व दाहक द्रव्ये निर्माण होतात. विळ्याला गंज चढावा तशी ती पेशीच्या आवरणाला कुरतडतात. यांना आवरणारी द्रव्येही निसर्गाने ठेविली आहेत. ई जीवनसत्त्व पेशीच्या स्निग्ध आवरणात राहून पहारा करते, आणि क जीवनसत्त्व पाण्याच्या भागात राहून त्याला साहाय्य करते. यांना प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात. प्रयोगशाळेतील उंदरांना जेंटामायसिनबरोबर ही जीवनसत्त्वे दिली असता त्यांच्या मूत्रपिंडांची हानी कमी झाल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. गाईम्हशींना क जीवनसत्त्वाची उणीव सहसा भासत नाही, कारण ते त्यांच्या यकृतातच तयार होते. माणसाला ती सोय नाही. ई जीवनसत्त्व मात्र त्यांना चाऱ्यातून मिळवावे लागते. हिरव्या चाऱ्यात ते भरपूर असते. चारा उन्हात वाळला, की ते पुष्कळसे उडून जाते. उन्हाळ्यात केवळ कडब्यावर दिवस काढणाऱ्या जनावराकडे म्हणूनच अधिक लक्ष द्यावे लागते.

जीवनसत्त्व दिले म्हणून औषधाची मात्रा हवी तेवढी वाढविता येते, असे मात्र नव्हे. जनावराच्या वजनाप्रमाणे मात्रा, ठरलेले दिवस आणि प्यावयास मुबलक पाणी, हे पशुवैद्यांचे पहिले नियम. औषध चालू असताना आणि नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या म्हशीचे दूध कट्ट्यावर न्यावयाचे नसते, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो. आणि मूत्रपिंडाविषयी शंका आली, तर ते रक्ताचा नमुना तपासणीस पाठवितात. त्यात जी द्रव्ये मोजली जातात, त्यांतील एकाचे नाव क्रिअॅटिनीन. मूत्रपिंडे चांगली असली तर ते मूत्रावाटे निघून जाते; ती थकली, की रक्तात त्याचे प्रमाण वाढते. हे क्रिअॅटिनीन स्नायूंतून येते. सुब्बाराव आणि फिस्क यांनी १९२७ साली जगाला दाखविलेले जे चंचल फॉस्फोक्रिअॅटिन, ते स्नायूंत संथपणे झिजत असते, आणि त्या झिजेतूनच ते निर्माण होते.